वाटून घेतलेला आठवडा

अक्का छापखान्याच्या पुढच्या दारानं आत आली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. ती कधी पुढच्या दारानं यायचीच नाही. मागच्या बोळातून यायची, अप्पांचा डबा खिडकीत ठेवायची आणि 'पोरी, जेवलीस का?' एवढं विचारून परत फिरायची. त्या गुरुवारी तिच्या हातात डबा नव्हता. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी तिनं मुठीत घट्ट धरली होती.

"शालन, ह्यांचं तोंड वाकडं झालंय," ती म्हणाली. "उजवा हात उचलंना."

मी प्रूफं टाकून तिला स्टुलावर बसवलं. आमचे जुळारी रहिमानभाई पाणी घेऊन आले. डॉक्टर येऊन गेले होते. अर्धांगवायूचा झटका होता, जिवाला धोका नाही म्हणाले, पण अंथरुणातून उठायचं नाही आणि डोक्याला त्रास द्यायचा नाही. आणि अप्पा तर शुद्धीवर आल्यापासून एकच शब्द बोलत होते. अंक.

अप्पा म्हणजे अक्काचे यजमान मल्लिनाथ शेटे, साप्ताहिक 'समतोल'चे संपादक. माझे वडील, म्हणजे दादा, विश्वंभर नाईकनवरे, साप्ताहिक 'तोफ'चे संपादक. दादा लाल बावट्याचे, अप्पा खादीवाल्यांचे. बासष्ट सालच्या त्या निवडणुकीत बार्शीत उमेदवार कोण उभे आहेत हे एखाद्याला सांगता आलं नसतं, पण 'तोफ' आणि 'समतोल' यांचं काय चाललंय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दादा अप्पांना 'खादीच्या खोळीतले लोड' म्हणायचे. अप्पा दादांना 'आमचे धडाडणारे मित्र' म्हणायचे आणि त्यातल्या 'मित्र' या शब्दावरच दादांचा जास्त राग होता. 'समतोल' हे नाव सोडलं तर त्या पत्रात समतोल काही नव्हतं. आमच्या 'तोफे'बद्दल मी काय बोलावं, मी घरचीच.

गंमत अशी की दोन्ही पत्रं एकाच छापखान्यात निघायची. स्वातंत्र्याच्या आधी दोघांनी मिळून हा छापखाना उभा केला होता. पुढं पक्ष वेगळे झाले, भांडण झालं, वाटणीची वेळ आली. यंत्र एकच. ते मधोमध कापता येईना, तेव्हा त्यांनी आठवडा वाटून घेतला. सोमवार ते बुधवार दादांचा, गुरुवार ते शनिवार अप्पांचा, रविवार यंत्राच्या विश्रांतीचा. दादा बुधवारी संध्याकाळी बाहेर पडायचे ते सोमवारीच आत यायचे. अप्पांचंही तेच. इतकी वर्षं दोघं एका छताखाली काम करत होते आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते. नियम एकच होता. आपले दिवस संपले की जुळणी मोडून, अक्षरांचे खिळे पुसून, ज्याच्या त्याच्या खान्यात परत भरून ठेवायचे, म्हणजे दुसऱ्याचा खोळंबा होत नाही. बुधवारी ज्या खिळ्यांनी अप्पांचा उद्धार केला, तेच खिळे शनिवारी दादांचा करायचे. रहिमानभाई म्हणायचे, खिळ्यांना इमान नसतं म्हणून बरं.

मी मात्र सगळ्या आठवड्याची होते. मॅट्रिक झाल्यापासून दोन्ही पत्रांची प्रूफं मीच वाचत असे, आणि यावर दोघांपैकी कुणाची हरकत नव्हती. माझी आई मला जन्म देऊन दोनच दिवसांत गेली. अक्काचा बसवराज तेव्हा नुकताच जन्मला होता. तिनं मला उचलून नेलं आणि एकीकडं त्याला, एकीकडं मला पाजलं. दादांची आणि अप्पांची बोलाचाली बंद झाली तेव्हा अक्कानं स्पष्ट सांगितलं होतं, की तुमचं राजकारण तुमच्यापाशी, माझ्या लेकीला दोन्ही दारं उघडी.

"अंक चुकला तर काय होईल?" मी तिला विचारलं. तिनं सांगितलं. पक्षानं सोलापूरचा एक वकील पाठवला होता. तो उंबऱ्यातूनच बोलून गेला, की मतदानाच्या आधीचा अंक निघाला नाही तर पत्र आम्ही दुसऱ्याच्या हाती देऊ. मोडक्या माणसाच्या भरवशावर निवडणूक लढवता येत नाही. हे अप्पांनी आतून ऐकलं होतं.

"औषधानं काय व्हायचं ते होईल," अक्का म्हणाली. "पण समतोल गेला तर हे राहायचे नाहीत. बातम्या तू जुळवशील, ते मला माहीत आहे. अग्रलेख कोण लिहिणार? बसू पुण्याला, आणि त्याला चार ओळींचं पत्र लिहायचं जिवावर येतं. तूच लिही की काहीतरी."

मला अग्रलेख लिहिता येत नव्हता, आणि निवडणुकीच्या तोंडावरचा तर मुळीच नाही. पण ज्यांना तो लिहिता यायचा त्या दोन माणसांपैकी एक आडवा झाला होता आणि दुसरा रस्त्यापलीकडं मामांच्या हॉटेलात छापखान्याकडं पाठ करून बसला होता. गुरुवार ते शनिवार दादांची तीच जागा.

मी रस्ता ओलांडून गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. दादांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. मग उठले, धोतराचा सोगा सावरला आणि सरळ रस्ता ओलांडून छापखान्यात शिरले. गुरुवारी. रहिमानभाईंच्या हातातली जुळणीची पट्टी खाली पडली आणि खिळे भुईवर विखुरले.

"वहिनी, घरी जा," दादा अक्काला म्हणाले. "शनिवारी अंक निघेल. त्याला सांगा, निवांत पड म्हणावं."

"तुमचं नाव सांगू?"

"नको. उगाच उठून बसायचा."

अक्का गेल्यावर मी दादांना विचारलं, की शत्रूचा अंक काढून तुम्हाला काय मिळणार? ते म्हणाले की कुस्तीला दोन माणसं लागतात, एकट्यानं मारतो ते नुसते दंड. हे त्यांनी हसत सांगितलं, पण त्यांचं लक्ष अप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडं होतं. ते त्या खुर्चीत बसले नाहीत. माझं स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसून लिहायला लागले.

एवढं रंगात येऊन लिहिताना मी त्यांना 'तोफे'साठीही कधी पाहिलं नव्हतं. अप्पांचे अग्रलेख नेहमी म्हणीनं सुरू व्हायचे. दादांनी पहिलीच म्हण टाकली, 'गर्जेल तो पडेल काय'. पुढं 'आमचे धडाडणारे मित्र' आले. मग त्यांनी स्वतःची जी धुलाई सुरू केली, ती रहिमानभाई जुळणी करता करता मोठ्यानं वाचायचे आणि हसून हसून त्यांचा चष्मा घसरायचा. शेतकऱ्यांचे कैवारी म्हणवणाऱ्या या गृहस्थांना ज्वारी आणि बाजरीची ताटं ओळखता येत नाहीत, असं एक वाक्य होतं. ते खरंच होतं. दादांना खरंच ओळखता यायची नाहीत.

"दादा, हे जरा जास्त होतंय," मी म्हणाले.

"त्यानं सोडलं नसतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लेख जुळून झाला. शेवटचा परिच्छेद मात्र दादांनी वेगळ्या कागदावर लिहून रहिमानभाईंच्या हातात दिला. तो जुळताना रहिमानभाई हसले नाहीत. प्रूफ माझ्यापुढं ठेवून ते बिडी ओढायला बाहेर गेले.

इथं मला दादांची एक सवय सांगायला हवी. शनिवारी 'समतोल' हातात आला की ते अग्रलेख शेवटाकडून वाचायचे. आधी शेवटचा परिच्छेद, मग वर वर. शेवट वाचून झाला की त्यांचे खांदे सैल व्हायचे, आणि मग ते चहा मागायचे. मला वाटायचं की विंचवाची नांगी शेपटात असते म्हणून ते तिथून सुरुवात करतात.

मी प्रूफ वाचलं. लिहिलं होतं: 'तोफवाल्यांनी बेचाळीसच्या तुरुंगाच्या हकिकती पुष्कळ सांगितल्या. त्यातून सुटले कसे, एवढी एकच हकिकत सांगायची राहिली. येरवड्याला साहेबापुढे माफीच्या कागदावर सही करून ते घरी आले. तोफेचा आवाज ऐकताना मतदारांनी एवढे ध्यानात ठेवावे.'

गावात प्रत्येक सभेत दादांची ओळख 'बेचाळीसचे तुरुंगवीर' अशी करून दिली जायची. ते तेव्हा मान खाली घालून बसायचे. मी त्याला विनय समजत होते.

"हे खरं आहे?" मी विचारलं.

दादा रॉकेलच्या चिंधीनं बोटांची शाई पुसत होते. "खरं आहे."

"मग हे तुम्ही का लिहिलंत?"

"मी मल्लिनाथच्या जागी बसलोय. त्याच्या जागी बसून हात राखून लिहिलं, तर ती त्याची फसवणूक झाली. मतदानाच्या आधीच्या अंकात घालायला याच्याहून जड गोळा त्याच्यापाशी नाही." त्यांनी अंगठ्याची शाई पुन्हा पुसली. "सही केली त्या दिवशी मी त्याचा निरोप घ्यायला गेलो, तर त्यानं भिंतीकडं तोंड केलं. पुढं छापखाना काढला, एका ताटात जेवलो, पण ती पाठ काही माझ्या डोळ्यापुढून गेली नाही. दर शनिवारी वाटतं, आज छापेल. एकदा छापून आलं म्हणजे मी सुटलो, शालन."

त्यांनी चिंधी टाकून दिली. "त्याला वाचून दाखव. तो हो म्हणाला तर छापायचं. पत्र त्याचं आहे."

असं म्हणून ते परत हॉटेलात जाऊन बसले. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, की ओलं प्रूफ घडी न करताच मी निघाले. वाटेत शाईचे डाग माझ्या पोलक्याला लागले.

अप्पांची खाट मधल्या खोलीत भिंतीला लावली होती. ते भिंतीकडं तोंड करून निजले होते. उजव्या अंगावर काही कळत नव्हतं, आणि डावा कान वर राहील असं पडलं की बरं वाटतं, असं अक्का म्हणाली. मी त्यांच्या पायथ्याशी बसले आणि सांगितलं, की अग्रलेख आणलाय. कुणी लिहिला ते सांगितलं नाही.

म्हण ऐकून ते हुंकारले. ज्वारी-बाजरीचं वाक्य आलं तसे त्यांचे खांदे हलायला लागले. अक्का घाबरून पुढं झाली, पण ते हसत होते. त्यांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा यायचा.

"विशानं लिहिलंय," ते म्हणाले.

मी प्रूफावरची नजर उचलली नाही.

"विश्वंभरला इतकं वाईट मी बोलत नाही. मी हात राखून लिहितो. एवढं त्याचं तोच बोलणार." मग म्हणाले, "गुरुवारी आत आला?"

"आले."

"माझ्या खुर्चीत बसला?"

"नाही. माझ्या स्टुलावर."

मी शेवटचा परिच्छेद वाचला. अक्कानं खाली मान घातली, त्यावरून हे तिलाही माहीत होतं असं मला कळलं. दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून.

अप्पांनी डावा हात उचलला आणि पंज्यानं हवेत पुसल्यासारखं केलं. "काढ ते."

"अप्पा, पण ते खरं आहे ना?"

"खरं असेल ते सगळं छापायचं तर समतोल रोज काढावा लागला असता." त्यांनी दम घेतला. "समतोल माझा. त्यात काय जायचं नाही ते मी ठरवतो. जाऊन सांग त्याला."

मला तेवढ्यावर उठता येईना. मी त्यांना विचारलंच, की मग तुम्ही त्या दिवशी पाठ का फिरवलीत? दादा अजून ती पाठ बघतात.

अप्पांनी जे सांगितलं ते तुटक तुटक होतं, आणि मधे मधे जीभ अडली की अक्का शब्द पुरवत होती. तार आली होती. माझी आई शेवटच्या घटका मोजत होती, मी जन्मले होते, पण जगेन असं कुणाला वाटत नव्हतं. साहेब कागद घेऊन आला. सही करा आणि घरी जा, नाहीतर बसा. दादांनी सही केली आणि निरोप घ्यायला अप्पांच्या समोर येऊन उभे राहिले.

"मला रडू कोसळलं होतं," अप्पा म्हणाले. "माझीही बायको बाळंतीण. मी रडताना त्यानं बघितलं असतं, तर कागद फाडून तिथंच बसला असता माझ्यापाशी. असा आहे तो. त्याला जायला पाहिजे होतं. म्हणून तोंड फिरवलं."

अक्का पदरानं त्यांच्या ओठाची लाळ पुसत होती. तिचा हात थांबला.

"मग हिचा निरोप आला," ते म्हणाले. "पोर माझ्या अंगावर पिते. जगली. त्या दिवशी बराकीत गूळ वाटला आम्ही. ज्याच्याजवळ जेवढा राखलेला होता तेवढा काढला. सही न केलेल्या सगळ्यांनी खाल्ला. एकानं नको म्हटलं नाही."

"हे दादांना का नाही सांगितलंत?"

"सुटून आलो तेव्हा वाटलं, त्याला कळलंय. मग भांडलो. मग जे काय बोलायचं ते छापूनच." त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. "हे काय छापून सांगायचं असतं?"

मी परत आले तेव्हा दादा हॉटेलात तिथंच होते. मामा गल्ल्यावर, दोन हमाल भजी खात बसलेले. मला तिथं बोलायचं नव्हतं, पण दादांनी मान वर करून इतक्या भीतीनं माझ्याकडं पाहिलं, की मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. भिंतीचं सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली. गुळाचं सांगितलं तेव्हा ते माझ्याकडं बघतच राहिले.

"सगळ्यांनी खाल्ला?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी."

"भोसल्यांनी पण? बराकीत ते फार कडक होते."

"अप्पा म्हणाले, एकानं नको म्हटलं नाही."

माझे वडील भर हॉटेलात, हमालांच्या देखत, ओक्साबोक्शी रडले. मामांनी काही न विचारता दाराचं फडकं खाली सोडलं.

रहिमानभाईंनी शेवटचा परिच्छेद जुळणीतून उचलून घेतला. अग्रलेखाच्या खाली चार ओळींची जागा रिकामी पडली. रिवाजानं तिथं वेलबुट्टी घालायची, नाहीतर एखाद्या काढ्याची जाहिरात. रहिमानभाईंनी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, मोकळीच राहू दे. मल्लिनाथनं जे काढलं त्याच्या जागी दुसरं काही यायचं नाही. तो अंक माझ्याकडं अजून आहे. पुढं कितीतरी दिवस गावात लोक पैजा लावत होते की तिथं काय होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी पहिला अंक यंत्रातून निघाला तो दादांनी स्वतः घेतला. शाई वाळायचीही वाट बघितली नाही. भर बाजारातून, 'समतोल' दोन हातांवर धरून 'तोफ'चा संपादक चाललाय हे बघून लोक दुकानाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. तो सोलापूरचा वकीलही कुठंतरी दिसला. दादांनी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की अंक निघालाय, घ्यायचा असेल तर छापखान्यात मिळेल. वाटेत किराणावाल्याकडं थांबून त्यांनी गुळाचा एक खडा बांधून घेतला.

अक्कानं आम्हाला बघितलं आणि मधल्या दारातून बाजूला झाली. अप्पा तसेच भिंतीकडं तोंड करून पडले होते. दादा उंबऱ्यात थांबले. त्यांचं पाऊल आत पडेना. तीच भिंत, तीच पाठ, त्यांना दुसरं काही दिसत नसणार.

"मल्ल्या," ते म्हणाले. "अंक निघाला."

खाटेवर हालचाल झाली. अप्पांनी डाव्या हातानं खाटेची दांडी पकडली. अक्का आधार द्यायला धावली, तर त्यांनी मानेनंच तिला नको म्हटलं. निम्मं अंग साथ देत नव्हतं. ते थोडे वळायचे आणि परत पडायचे. दादा बघत होते आणि मदतीला जात नव्हते, ते बरोबरच होतं. शेवटी एकदाचे अप्पा दुसऱ्या कुशीवर वळले, आणि त्यांचं वाकडं झालेलं, ओलं तोंड दादांच्या समोर आलं.

दादा उंबरा ओलांडून आत आले.

"बुधवारी तुला सोडायचा नाही मी," दादा म्हणाले.

"शनिवारी बघू," अप्पा म्हणाले.

दादा खाटेशी बसले आणि त्यांनी पुडी सोडली. गूळ हातानं फुटेना, तेव्हा त्यांनी तो खाटेच्या पायावर आपटून फोडला. एक तुकडा त्यांनी अप्पांच्या तोंडाशी नेला. अप्पांनी ओठ मिटून घेतले आणि डोळ्यांनी माझ्याकडं खूण केली.

"आधी तिला," ते म्हणाले. "तिचाच आहे तो."

मी पुढं झाले आणि आ केला.